घुशीची पाठवणी

धरणीने दुभंगून आपल्याला पोटात घ्यावं, असं माणसाला आयुष्यात एकदोनदा तरी वाटतंच. माझ्या बाबतीत धरणीने ते मनावर घेतलं. तेही आमच्या मोठ्या साहेबांसमोर.

साहेब सपत्नीक चहाला आले होते आणि मी त्यांना मागच्या अंगणातली नवी हिरवळ दाखवत होतो. हिरवळ काही फार मोठी नाही. चार खुर्च्या मांडल्या की पाचवी गुलाबावर जाते. पण ती मी स्वतःच्या हातांनी लावली होती, आणि स्वतः लावलेल्या गवताबद्दल माणूस जितकं बोलतो तितकं स्वतःच्या मुलांबद्दलही बोलत नाही. "साहेब, खालची जमीन पक्की असली की वर काहीही उगवतं," असं म्हणून मी उजवा पाय ठामपणे आपटला. तो गुडघ्यापर्यंत आत गेला.

डावा पाय वरच राहिल्यामुळे मी आपोआप गुडघ्यावर आलो, आणि तोल सावरायला साहेबांचा हात धरला. साहेबांचा गैरसमज झाला. "अहो, उठा, उठा!" ते घाईघाईने म्हणाले. "बढतीचं बघू आपण. घरी कशाला हा विषय?"

पाय निघाला, बूट राहिला. मी बिळात हात घालून बूट ओढायला लागलो, तर आतून कुणीतरी तो उलटा ओढायला लागलं. साहेबांच्या पत्नीने किंकाळी फोडली. चहाचं पुढे काही जमलं नाही. बूट शेवटी हाती आला, पण त्याची जीभ गेली होती.

"घूस!" कुंपणाच्या भिंतीवरून आवाज आला.

हे आमचे डावीकडचे शेजारी, मेजर. सैन्यात ते कधीच नव्हते. जन्मभर शाळेत कवायत शिकवली. पण साधं 'काय म्हणता' हेसुद्धा ते असं विचारतात की समोरचा माणूस पोट आत ओढून उभा राहतो. त्यांचे डोळे चमकत होते. निवृत्तीनंतर इतक्या दिवसांनी त्यांना शत्रू मिळाला होता.

आता एक गोष्ट सांगणं भाग आहे. मी विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासतो. 'उंदीर, घूस, वाळवी यांनी केलेलं नुकसान भरपाईस पात्र नाही', हे वाक्य मी आजवर इतक्या लोकांना कळवलंय, की त्यांच्यापैकीच कुणाचा तरी तळतळाट लागला असावा, असं सासूबाईंनी त्याच संध्याकाळी जाहीर केलं. सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका आहेत आणि आमच्याकडेच असतात. त्यांचं मत आणि निकाल यांत फरक नसतो.

"काय वाट्टेल ते करा," बायको म्हणाली, "पण मला ती इथे नकोय. आज अंगणात आहे, उद्या स्वयंपाकघरात येईल."

मी म्हटलं, "एका घुशीचा तो काय प्रश्न! रविवारी उरकून टाकतो."

रविवारी मेजर फावड्यावर रसरशीत निखारे आणि त्यावर मूठभर लाल मिरच्या घेऊन हजर झाले. पद्धत सोपी होती. बिळाच्या तोंडाशी धुरी द्यायची, धूर आत ढकलायचा, घूस बाहेर आली की गोणपाट टाकायचं. धूर ढकलायला त्यांनी पंखा मागितला. पंखा पोहोचेना, म्हणून मी बायकोचं केस वाळवायचं यंत्र आणलं. हा निर्णय घेताना तिला विचारायला हवं होतं, हे मला नंतर बऱ्याच वेळा सांगण्यात आलं.

धूर आत गेला. आम्ही गोणपाट धरून वाकलो. काही झालं नाही. मग गुलाबाच्या मुळाशी एक बारीक धूररेषा निघाली. मग तुळईएवढा लोट मेजरांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून निघाला. घुशीने त्यांच्या मोरीखालून दुसरं दार काढलं होतं आणि मेजरांना त्याचा पत्ता नव्हता. "माझं घर पेटलं!" असं ओरडत ते पळाले आणि तितक्याच वेगाने शिंकत परत आले. आमच्याही घरात धूर भरला. सासूबाई दारात येऊन मला काहीतरी सुनावू पाहत होत्या, पण शिंकांपुढे त्यांना 'जावईबापू' एवढा एक शब्दही पुरा करता येईना. "जा... जा... जा..." एवढंच ऐकू येत होतं, आणि त्या मला हाक मारताहेत की घराबाहेर काढताहेत, हे मला कळत नव्हतं.

त्या गोंधळात मुलीने माझी बाही ओढली. "बाबा, बघ!"

कुंपणाच्या भिंतीवर घूस बसली होती. मी तिला प्रथमच पाहत होतो. चांगली मांजराएवढी, राखाडी, अंगावर राठ केस, आणि पुढच्या दोन पंजांनी ती शांतपणे तोंड पुसत होती. आमचा खेळ संपेपर्यंत ती बसली. मग भिंतीवरून उतरली आणि धूर विरलेल्या बिळात शिरली.

पाण्याची कल्पना माझी. ती मी कुणावर ढकलत नाही. बिळात नळी सोडायची आणि पाणी भरायचं, यात चुकण्यासारखं काय आहे? नळ सोडला. बीळ पाणी पीत राहिलं. मी खुर्ची टाकून बसलो, पेपर वाचला, कोडंसुद्धा सोडवलं. बीळ पीतच होतं. हिचं बीळ आहे की बोगदा, असं म्हणत मी उठलो, आणि उजवीकडच्या घरातून आरडाओरडा ऐकू आला.

उजवीकडे दातांच्या डॉक्टरीणबाई राहतात आणि खालच्या खोल्यांत त्यांचा दवाखाना आहे. खुर्चीवर एक गृहस्थ तोंड उघडून पडले होते. त्यांना कोपऱ्यातली फरशी उचलून पाणी वर येताना दिसत होतं. ते जीव तोडून "आ! आ!" करत हातवारे करत होते, आणि डॉक्टरीणबाई त्यांना समजावत होत्या, "अहो, इतकं काय? मी अजून हातसुद्धा लावला नाही." पाणी त्यांच्या पायाला लागल्यावर त्यांना गृहस्थांचं म्हणणं पटलं.

त्याच सुमाराला आमच्या आणि त्यांच्या मधली कुंपणाची भिंत खाली बसली. कोसळली नाही. दिवसभर उभी राहिलेली बाई हुश्श करून बसते, तशी हळूच बसली. तिच्याखालची सगळी माती घुशीने आधीच उपसलेली होती. मी फक्त पाणी घातलं.

डॉक्टरीणबाई भल्या बाई. मला काही बोलल्या नाहीत. फक्त नुकसानीचा दावा केला. त्यांचा विमा आमच्याच कंपनीचा निघाला आणि दावा माझ्याच टेबलावर आला. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'घूस आणि शेजारी'. घुशीचं वाक्य मला पाठ होतं. शेजाऱ्याबद्दल आमच्या नियमांत काहीच सापडेना. मी तो कागद मोठ्या साहेबांकडे सरकवला. साहेबांनी तो वाचून माझ्या बुटांकडे पाहिलं.

आता प्रकरण सरकारदरबारी न्यायचं ठरलं. नगरपालिकेत उपद्रवी प्राण्यांचा वेगळा विभाग आहे, ही माहिती मेजरांनी आणली. मी अर्धी रजा टाकून गेलो. हॉल माणसांनी भरलेला होता. खिडकीशी गर्दी, कुणाचं लक्ष नाही, म्हणून मी जरा आवाज चढवून विचारलं, "घुशीसाठी कुणाला भेटायचं?"

सगळा हॉल चिडीचूप झाला. टायपिंग थांबलं. शिपाई लगबगीने आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "अहो, असं उघड काय बोलता? आत या." विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये नेऊन त्याने दार लावून घेतलं. मी लाचेबद्दल नव्हे, प्राण्याबद्दल बोलतोय हे समजायला बराच वेळ लागला, आणि समजल्यावर शिपायाची निराशा झाली असं मला वाटलं.

विभागप्रमुख नीटनेटके गृहस्थ होते. चष्मा पुसून त्यांनी विचारलं, "घूस राहते कुठे?"

"माझ्या अंगणात."

"बीळ उघडतं कुठे?"

"एक अंगणात, एक शेजाऱ्यांच्या मोरीत, एक बाहेर फुटपाथवर."

"मग वास्तव्य खाजगी आणि ये-जा सार्वजनिक," ते म्हणाले. "वास्तव्याचं तुमचं तुम्ही बघायचं. ये-जा रस्ते विभागाकडे. आमच्याकडे फक्त उपद्रव."

"अहो, उपद्रवच तर आहे!"

"तो सिद्ध व्हावा लागतो. भिंत पडली म्हणता, पण पाणी कुणी घातलं?"

विमा कंपनीत मी लोकांना हाच प्रश्न विचारतो.

"तुम्ही तिला मारलीत तर आमची हरकत नाही," ते पुढे म्हणाले. "मात्र जिवंत पकडून दुसरीकडे सोडायला परवानगी लागते. आणि ती आम्ही देत नाही. उद्या जो तो उठून आपली घूस दुसऱ्याच्या दारात सोडायला लागला तर समाज चालेल कसा?" हे वाक्य त्यांनी इतक्या कळकळीने म्हटलं की मला स्वतःचीच लाज वाटली.

राहता राहिलं विष. मेजरांनी पुडी आणून दिली. मी ती केकच्या तुकड्यात घालून बिळाशी ठेवली आणि ऑफिसला गेलो. दुपारी बायकोचा फोन आला. डॉक्टरीणबाईंची मांजर सकाळपासून दिसत नव्हती. केकही दिसत नव्हता.

मी धावत घरी आलो. गल्लीतली माणसं गाड्यांखाली वाकून "मनी, मनी" करत होती. डॉक्टरीणबाई पायरीवर बसून रडत होत्या. मी त्यांच्याजवळ गेलो. या बाईंची फरशी उखडली, भिंत पाडली, आता मांजर मारली. माझी मुलगी माझ्याकडे बघत होती, आणि ती बघणं मला सहन होईना. शेवटी मांजर मेजरांच्या कपाटात कवायतीच्या जुन्या चड्ड्यांवर गाढ झोपलेली सापडली. केक तुळशीएवढ्या एका रोपामागे मुंग्या लागून पडला होता. घुशीने तो हुंगून बाजूला ढकलला होता. मी तो हातमोजे घालून उचलला, पुडी मेजरांना परत दिली, आणि न्हाणीघरात जाऊन बराच वेळ तोंड धूत बसलो.

त्या दिवशी जेवताना आमच्याकडे जी चर्चा झाली, ती एखाद्या सभागृहात व्हायला हवी होती.

"तिचा गुन्हा काय?" मुलगी म्हणाली. "तिला राहायला जागा हवी, म्हणून ती खणते. आपणही पाया खणलाच होता ना?"

"डास मारतेस तेव्हा कुठे जाते ही नीती?" बायको म्हणाली.

"डास लहान असतो."

"म्हणजे नीती आता किलोवर?"

सासूबाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "मारायचीच असेल तर समोर उभं राहून मारा," त्या मला म्हणाल्या. "काठी घ्या, तिच्या डोळ्यांत बघा आणि हाणा. जमेल? विष ठेवून ऑफिसला जायचं, आणि ती कुठेतरी अंधारात दोन दोन दिवस तडफडणार, हा पळपुटेपणा. त्यापेक्षा तिला राहू द्या."

"राहू द्या?" बायको म्हणाली. "आई, भिंत पडलीय!"

"मग पकडा. पकडून लांब सोडा."

मी परवानगीची अडचण सांगितली. "शाळा चालवताना मी दर गोष्टीला परवानगी मागत बसले असते," सासूबाई म्हणाल्या, "तर मुलं अजून पहिलीतच असती."

पिंजरा आणला. जाळीचा, मोठा, आत आकडा, आकड्याला आमिष, ओढलं की दार खाडकन बंद. मी दार नीट पडतं का ते बघायला आत हात घातला. दार नीट पडतं. उघडायची कळ दुसऱ्या टोकाला असते, तिथे उरलेला हात पोहोचत नाही. मी पिंजऱ्यासकट घरात गेलो. सासूबाईंनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढून मला न्याहाळलं आणि शांतपणे विचारलं, "आमिष काय ठेवलं होतं?"

केकला ती भुलेना, बिस्किटाला भुलेना. शेवटी मुलीने पावाला शेंगदाण्याचं कूट चोपडून लावलं, आणि शनिवारी आम्ही चहा घेत असताना अंगणात खाडकन आवाज झाला. आम्ही असे धावलो की कपबशा नंतर हिरवळीवर सापडल्या. आत घूस होती! प्रत्यक्ष! मेजर मोरीतून ओले पाय घेऊन आले. डॉक्टरीणबाई पेशंटला तोंड उघडं ठेवून आल्या. पेशंटही मागोमाग तसाच आला. सगळ्यांनी माझ्याशी हात मिळवला. इतका मान मला लग्नातही मिळाला नव्हता.

कुठे सोडायची यावर प्रत्येकाने एकेक ठिकाण सुचवलं, आणि त्या प्रत्येक ठिकाणी त्याचा एकेक नावडता नातेवाईक राहत होता. शेवटी गावाबाहेर, वीटभट्टीमागचं ओसाड माळरान ठरलं. अंधारात न्यावी म्हणालो, तर बायको म्हणाली, अंधारात पिंजरा घेऊन फिरलात तर चोर समजतील. म्हणून भर दुपारी निघालो. सासूबाई गाडीत येऊन बसल्या. "तुम्ही कोपऱ्यावर सोडून परत याल," त्या म्हणाल्या. मी निघाल्यावर मेजर आणि मुलगी मोकळं बीळ खणून त्यात तारेची जाळी पुरणार होते.

माळरानावर चिटपाखरू नसेल असं वाटलं होतं. तर एका झुडपाआडून एक गृहस्थ निघाले. हातात टॉवेलने झाकलेलं काहीतरी. माझ्याही हातात टॉवेलने झाकलेलं काहीतरी. आम्ही दोघंही थबकलो. उपद्रवी प्राण्यांचे विभागप्रमुख!

"फिरायला?" त्यांनी विचारलं.

"हो. आपण?"

"मीही." त्यांनी टॉवेल जरा खाली ओढला. "पोपट आहे. हवा लागावी म्हणून..."

"माझाही पोपटच," मी म्हणालो.

थोडा वेळ आम्ही निसर्ग पाहिला. मग सासूबाई गाडीतून उतरल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या पोपटाची शेपटी लोंबतेय. आत घ्या."

विभागप्रमुख मटकन दगडावर बसले. बायकोने घर डोक्यावर घेतलंय, म्हणाले. विष ठेववत नाही, मारवत नाही, आणि विभागाकडे तक्रार करावी तर विभाग म्हणजे तेच. आजवर सापडल्या तेवढ्या घुशी त्यांनी इथेच आणून सोडल्या होत्या.

"आणि त्या इथून पुढे कुठे जातात?" सासूबाईंनी विचारलं.

विभागप्रमुखांना ते सुचलंच नव्हतं. सासूबाईंनी हात लांब करून दाखवलं. माळरानाच्या कडेने एक नाला वाहत होता, आणि त्याचा एक फाटा सरळ आमच्या वसाहतीकडे, दुसरा विभागप्रमुखांच्या घराकडे गेला होता.

"म्हणजे ही..." मी माझ्या पिंजऱ्याकडे बघितलं.

"ही यांची," सासूबाई म्हणाल्या. "किंवा हिची आई यांची. आणि तुमची आता यांच्याकडे जाईल. जावईबापू, याला बदली म्हणतात. निर्मूलन नाही."

विभागप्रमुख इतके ओशाळले की त्यांना तिथून निघायची घाई झाली. त्यांनी पटकन आपला पिंजरा उघडला. त्यांची घूस बाहेर आली, उन्हाने गांगरली, सावली शोधत सरळ माझ्या गाडीखाली गेली आणि वर चढून इंजिनात दिसेनाशी झाली. मी बॉनेट उघडलं, हॉर्न वाजवला, सासूबाईंनी छत्री खुपसून पाहिली. काही उपयोग नाही. "जाईल आपोआप," म्हणत मी माझ्या पिंजऱ्याच्या कळीवर बोट ठेवलं, आणि खिशातला फोन वाजला.

"बाबा! सोडलीस?" मुलगी ओरडत होती. "सोडू नकोस! पिल्लं आहेत! बिळात पिल्लं आहेत!"

मागून मेजरांचा आवाज आला, "माघार! ताबडतोब माघार!" डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, "डोळेसुद्धा उघडले नाहीत हो त्यांचे!"

मी कळीवरून बोट उचललं. पिंजऱ्यात घूस जाळीला नाक लावून नाल्याच्या दिशेने वास घेत होती. मघापासून ती जाळी चावत होती, ते का, हे मला आत्ता समजलं. दोन महिने जिला घालवायला मी जिवाचं रान केलं, तिला आता जिवाचं रान करून परत न्यायचं होतं. मी सासूबाईंकडे बघितलं. त्या गाडीत बसल्याही होत्या.

किल्ली फिरवली. गाडी हूं की चूं करेना. विभागप्रमुखांच्या घुशीने आत जाऊन पहिलं काम वायरींचं केलं होतं.

"मी ढकलतो!" विभागप्रमुखांनी कोटाच्या बाह्या वर सारल्या. तो माणूस एकदम वेगळाच दिसायला लागला. सासूबाईंनी स्टिअरिंग धरलं, शेजारच्या सीटवर पिंजरा ठेवला, आणि आम्ही दोघांनी मागून खांदा लावला. दर चौकात फोन. "बाबा, किती वेळ? मेजरकाकांनी टोपीत घेतलीत, पण ती थंड पडताहेत!" आम्ही ढकलत होतो, धापा टाकत होतो. बेकरीपाशी दम घ्यायला थांबलो. तिथल्या लोकांनी पाणी दिलं आणि काय झालं विचारलं. "पिल्लं आहेत!" एवढंच विभागप्रमुखांना बोलता आलं. लोकांनी आत बसलेल्या सासूबाईंकडे पाहिलं आणि काही न समजून तेही ढकलायला लागले.

आमच्या वसाहतीकडे उतार आहे, हे मी विसरलो होतो. उताराला लागताच गाडी आमच्या हातून सुटली. सासूबाई, घूस आणि इंजिनातली दुसरी घूस, तिघी पुढे. आम्ही मागे धावतोय. "आई, ब्रेक!"

"कुठला?" खिडकीतून उत्तर आलं, पण आवाजात भीती नव्हती. मला तर वाटतं त्यांना मजा येत होती. एक सायकलवाला बाजूला झाला, एक भाजीची हातगाडी थोडक्यात वाचली, आणि गाडी आमच्या फाटकाशी, भिंतीसाठी आणलेल्या वाळूच्या ढिगात नाक खुपसून थांबली. सासूबाई पिंजरा घेऊन उतरल्या. त्यांचा अंबाडाही विस्कटला नव्हता.

अंगणात सगळे जमले होते. अर्धवट खणलेल्या बिळाच्या तळाशी घुशीचं घर उघडं पडलं होतं. एका कोठीत मेजरांनी कबुतरांना टाकलेलं धान्य गच्च भरलेलं. पलीकडे पिल्लांची खोली, डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातल्या कापसाने मढवलेली, आणि मधोमध माझ्या बुटाची जीभ, गादीसारखी. मेजरांनी टोपीतली पिल्लं एकेक करून तिथे परत ठेवली. गुलाबी, बोटाएवढी. याच हातांनी त्यांनी मिरच्या पेटवल्या होत्या.

मी पिंजरा उघडला. घूस बाहेर आली. इतकी माणसं उभी होती, पण ती पळाली नाही. सरळ चालत गेली, आत उतरली आणि पिल्लांवर आडवी झाली. डॉक्टरीणबाईंचा पेशंटही तोंड मिटून उभा होता.

"आता?" थोड्या वेळाने बायकोने विचारलं.

"आता तिची पिल्लं मोठी होईस्तोवर ती इथे," सासूबाई म्हणाल्या. त्यावर अपील नव्हतं.

मग आम्ही मुकाट्याने जे आधी करायला हवं होतं ते केलं. मेजर कबुतरांना थाळीत धान्य देऊ लागले आणि उरलेलं उचलू लागले. मोरीला जाळी बसली, कचऱ्याच्या डब्यांना घट्ट झाकणं आली, नवी भिंत खोल पायावर, तारेची जाळी पुरून उभी राहिली. विभागप्रमुख दर रविवारी येऊन वाळू चाळून द्यायचे. खायला मिळेना, नवीन खणता येईना. पिल्लं हिंडूफिरू लागल्यावर एके सकाळी सगळं बिऱ्हाड फुटपाथकडच्या दाराने निघून गेलं. ना धूर, ना पाणी, ना विष. मुलगी दिवसभर खिडकीतून फुटपाथकडे बघत होती. मी बीळ बुजवलं आणि त्यावर पुन्हा हिरवळ लावली.

राहिली इंजिनातली. मेकॅनिकने बॉनेट उघडलं तेव्हा कुरतडलेल्या वायरींखेरीज आत काही नव्हतं. म्हणजे ती वाटेतच कुठेतरी उतरली होती. मी तो विषय वाढवला नाही.

आणि मग एका संध्याकाळी बेकरीवाले फाटकाशी येऊन उभे राहिले. आम्हाला पाणी देणारे तेच. "साहेब," ते अदबीने म्हणाले, "आमच्याकडे एक घूस आलीय. पिठाच्या पोत्यांमागे राहते. तुम्हाला त्यातलं कळतं म्हणे. ही येते कुठून हो एकाएकी?"

मी घसा साफ केला. जमिनीचा ओलावा, नाल्याची दिशा, ऋतुमान, असं काहीतरी बोलायला सुरुवात केली. आतून सासूबाई खोकल्या. एकदाच.

"खरं सांगू?" मी म्हणालो. "ती आमच्या गाडीतून उतरली असणार. म्हणजे, ती आमची."

मला वाटलं ते भडकतील. पण त्यांचा चेहरा एकदम उजळला. ते लगबगीने फाटकाबाहेर गेले आणि टॉवेलने झाकलेला पिंजरा घेऊन आले.

"बरं झालं बोललात," माझ्या हातात तो देत ते म्हणाले. "कुठे सोडावी कळत नव्हतं. घ्या. आणि जपा हं, लोणी लावल्याशिवाय पाव खात नाही."